बोबडं यंत्र

“तुझं यंत्र बोबडं आहे गं,” रेडीज बाई म्हणाल्या आणि कानामागचं ते चिमुकलं मशीन काढून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

दोन वर्षं मी त्या मशीनच्या मागे हात धुऊन लागले होते. एम.टेक., बायोमेडिकल इंजिनिअरिंग, शेवटचं सत्र. प्रबंध टाइप होऊन तयार होता, बाहेरगावचे परीक्षक ठरले होते, तारीख पडली होती. बायोमेडिकल म्हणजे डॉक्टर की इंजिनियर हे उरणकडच्या आमच्या गावात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण माझ्या फोटोचा अभिनंदनाचा फ्लेक्स छापायला गेला होता. आमच्याकडे आनंद आधी फ्लेक्सवर चढतो, मग घडतो. आणि अशा वेळी महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई येऊन माझ्या मशीनला बोबडं म्हणत होत्या.

मी हसून घेतलं. यंत्र बोबडं कसं असेल, बाई, ते बोलत नाही, ऐकवतं, असं काहीतरी म्हणाले. मनात मात्र म्हटलं, कान यांचा गेलेला आणि नाव माझ्या मशीनला.

रेडीज बाई मूळच्या चिपळूणच्या. नाकीडोळी तरतरीत, आवाज वर्गात घुमणारा. ऐकू कमी येऊ लागल्यापासून त्या नेहमीचं कानाचं मशीन वापरत होत्या, पण त्यात नको ते आवाजच जास्त येतात म्हणून वैतागल्या होत्या. कुर्तकोटी सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. माझ्या सगळ्या चाचण्या गावातल्या म्हाताऱ्यांवर झाल्या होत्या. अहवालात एखादं बाहेरचं माणूसही दिसू दे, एवढाच सरांचा हेतू होता. मी बाईंना मशीन दिलं आणि आठवडाभर वापरून या म्हटलं. कौतुक ऐकायची तयारी करूनच मी बसले होते.

बाईंनी जे सांगितलं ते असं. मशीन लावून त्या पहिलीच्या वर्गावर गेल्या. आवाज छान, गोंगाट कमी, त्या खूश. वाचन सुरू झालं आणि पोरं एकामागून एक ‘फल’, ‘बाल’, ‘कमल’ वाचायला लागली. पहिलीतली पोरं ळ ला अडखळतात, त्यात नवल नाही. पण अख्खा वर्ग? एका मुलीला त्यांनी उभं केलं. फळ म्हण. ती म्हणाली, फल. पुन्हा म्हण. पुन्हा फल. जीभ मागे वळव, अशी वळव, म्हण. असं करता करता मुलगी रडकुंडीला आली. शेवटी बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापिका आत आल्या आणि बाईंच्या जवळ येऊन म्हणाल्या, अहो, ती केव्हाची बरोबर म्हणतेय.

“तीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “पुन्हा असं झालं तर मला वर्गावरून काढून कार्यालयात बसवतील. त्यांचंही चूक नाही.”

मी मशीन उचललं, त्यांच्या कानाला पुन्हा लावलं, समोर बसले आणि तोंडापुढे वही धरून स्पष्ट म्हणाले, “फळ.”

“फल,” बाई म्हणाल्या.

“फळ!”

“फल म्हणतेस तू.”

आता माझं डोकं फिरलं. ते का फिरलं, हे सांगायला हवं. आम्ही आगरी. आमच्या बोलीत ळ नाही. काळा तो काला, डोळा तो डोला, केळी ती केली. माझं आडनाव थळे, पण गावात आम्ही थलेच. पाचवीत पनवेलच्या शाळेत गेले, तर हजेरीला नाव सांगितलं म्हणून गुरुजींनी मला फळ्यापाशी उभं करून माझंच आडनाव माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं. वर्ग खिदळत होता. त्यानंतर मी आरशासमोर बसून ळ घोटला. इतका घोटला की पुढे मुंबईत हॉस्टेलवरच्या पोरींना मी नाशिकची की पुण्याची असा प्रश्न पडायचा. आणि आता इंजिनियर होऊन, परीक्षा दारात आलेली असताना, पुन्हा एक शिक्षक माझ्यासमोर बसून सांगत होता की तुझा ळ होत नाही.

“आमच्याकडे तसंच बोलतात, बाई,” मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. “बोबडं नाही म्हणत त्याला.”

बाई दचकल्या. मग त्यांनी हळूच मशीन काढलं, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आपला त्यातल्या त्यात बरा कान माझ्या तोंडाशी आणला.

“मी तुला म्हटलं नाही गं. यंत्राला म्हटलं. आता म्हण.”

“फळ,” मी म्हणाले.

“फळ. चांगलं म्हणतेस की.”

मला एकाच वेळी लाज वाटली आणि हायसं वाटलं. पण माझा ळ शाबूत होता, याचा अर्थ बाईंचं म्हणणं खरं होतं. मशीन ळ खात होतं.

का खात होतं, ते त्या दुपारीच कळलं. ते मशीन मी धाकूमामासाठी बनवायला घेतलं होतं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्याच घरी राहायचा. गावच्या ब्रास बॅण्डात जन्मभर ट्रम्पेट वाजवला, पंचक्रोशीतली एक हळद सोडली नाही, आणि पन्नाशीत कान गमावून बसला. मोठ्या हौसेने त्याला कानाचं मशीन आणलं, तर ते चार दिवसांत ट्रंकेत गेलं. माणसांचं बोलणं नीट येत नाही आणि भांडी मात्र कानात आपटतात, ही त्याची तक्रार. आमच्या घरात चोवीस तास कुणी ना कुणी भांडं आपटत असतं. म्हणून मी विषयच तो घेतला: भांड्यांचा खणखणाट काढून टाकणारं श्रवणयंत्र. भांडं आपटतं तेव्हा आवाज एकदम उसळतो आणि पापणी लवायच्या आत विरतो. माझं मशीन असा झटका ओळखायचं, कापायचं आणि ती जागा आजूबाजूच्या आवाजाने भरून टाकायचं, रफू केल्यासारखी. मला त्या रफूचा फार अभिमान होता.

आता बाईंचं ‘फळ’ आणि मशीनमधून निघालेलं ‘फल’ मी संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावलं. ळ म्हणताना जीभ मागे वळते, टाळूला एक टपली मारते आणि सुटते. ती टपली मशीनला भांड्याच्या आवाजासारखी वाटत होती. मशीन ती इमानदारीने कापत होतं आणि तिथे रफू करत होतं. रफू केलेला ळ म्हणजे ल. ड चंही थोडं वाकडं होत होतं, पण ते ऐकणारा सावरून घेत असणार.

चूक सापडली की इंजिनियरला निम्मी झोप लागते. मला मात्र एक गोष्ट काही केल्या उलगडेना. गावात मी शंभर शब्दांची चाचणी घेतली होती. मी शब्द म्हणायचा, ऐकणाऱ्याने तो जसा ऐकू आला तसा म्हणून दाखवायचा, बरोबर असेल तर मी खूण करायची. शेजारी आई हौसेने पातेली आपटायची. त्या शंभरात ळ चे कितीतरी शब्द होते. मशीन ळ खात होतं, तर माझ्या म्हाताऱ्यांना शहाण्णव गुण पडले कसे?

रविवारी घरी गेले. मामा ओट्यावर कोळंबी सोलत बसला होता. हात धू म्हटलं, मशीन लावलं आणि चाचणी पहिल्यापासून सुरू केली. आईने पाण्याचा हंडा ठेवून पातेली हातात घेतली, तिला सांगावं लागलं नाही. पाणी, भात, होडी, सगळं ठीक चाललं होतं.

“काळा,” मी म्हणाले.

“काला,” मामा म्हणाला.

मी खूण करायला पेन्सिल टेकवली आणि हात तिथेच थांबला.

“मामा, मी काय बोलले?”

“काला.”

“काळा बोलले का काला बोलले?”

मामाने माझ्याकडे दयेने पाहिलं. “त्या दोन गोष्टी हायेत का?”

मी पेन्सिल खाली ठेवली आणि जी हसत सुटले ती आईने पातेली आपटायची थांबवली तरी हसतच होते. दोन वर्षं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मला काला, डोला, केली ऐकवलं होतं आणि मी दरवेळी खूण केली होती. मशीनने ळ खाल्ला की नाही ते कळायला वावच नव्हता, कारण ऐकणाऱ्याच्या तोंडात ळ नव्हता. आणि माझ्या कानाला काला ऐकलं की काळा ऐकल्यासारखंच वाटत होतं. तोंड मी आरशासमोर बसून पुणेरी करून घेतलं होतं, पण कान उरणचाच राहिला होता.

हसणं ओसरलं तेव्हा आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझी परीक्षा गेली.

सोमवारी कुर्तकोटी सरांना सगळं सांगितलं. सर मूळचे धारवाडचे, त्यांच्या भाषेत ळ ची श्रीमंती, त्यामुळे त्यांना मुद्दा लगेच कळला. त्यांनी चहा मागवला आणि डोळे मिटून घेतले. सर वाईट नव्हते, त्यांना फक्त तारखा प्रिय होत्या. डॉ. सन्याल कोलकात्याहून येणार होते, त्यांचं तिकीट काढून झालं होतं. सर म्हणाले की बंगालीत ळ नाही, सन्यालांना त्यातलं काही कळणार नाही. ‘पुढील संशोधनाची दिशा’ या मथळ्याखाली दोन ओळी घाल आणि पदवी घेऊन मोकळी हो. नाहीतर चाचण्या नव्याने घे, म्हणजे सहा महिने गेले.

“सर, ते शहाण्णव मीच माझ्या कानाने दिलेत,” मी म्हणाले.

“मग सहा महिने थांब.”

“थांबत नाही. तारीख तीच ठेवा. सन्यालांपुढे जे आहे ते सांगते.”

“काय आहे?”

तेव्हा माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं, पण मी पूर्ण असल्यासारखं सांगितलं. ती खोड मला अजून आहे, आणि तिने मला तारलंय जास्त, बुडवलंय कमी. मी म्हटलं, मशीन चुकलेलं नाही, सर. ते मामाच्या घरासाठी बनलंय आणि मामाच्या घरात बरोबर चालतं. बाईंच्या वर्गात ते चालत नाही. तिथे दुसरं लागेल. सर म्हणाले की तू नापास झालीस तर मी तुला ओळखत नाही असं सांगणार आहे, आणि माझा चहासुद्धा त्यांनीच पिऊन टाकला.

मग मी कामाला लागले. रफूचा टाका बारीक केला की ळ वाचायचा, पण थोडी भांडी परत यायची. मोठा केला की भांडी जायची आणि सोबत ळ जायचा. दोन्ही एकदम काही मिळेना. तेव्हा मी मशीनला दोन बटणं दिली, एक घराचं, एक शाळेचं. बाईंना शाळेचं बटण दाबून दिलं आणि भांडी वाजतील हं, असं बजावलं. त्या म्हणाल्या, वर्गात भांडी मधल्या सुट्टीतच वाजतात, आणि पोरांच्या गोंगाटावर तर माझं पोट आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या रडवलेल्या मुलीने त्यांना सगळा धडा वाचून दाखवला होता. बाईंनी वर्गासमोर सांगितलं होतं की चूक माझ्या कानाची होती, तुझी नाही.

मामालाही मी शाळेचं बटण देऊन पाहिलं. म्हटलं, आता तुला ळ ऐकू येईल. एवढ्यात आईच्या हातून झारा पडला. मामाने मशीन कानातून उपटून माझ्या हातावर ठेवलं.

“तो तुजा दुसरा ल तुलाच ठेव,” तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी दोघांनाही बोलावलं. मामा बॅण्डाचा लग्नात वाजवायचा कोट घालून आला होता, बिल्ला तेवढा काढून. बाईंना मी काहीही पढवून ठेवलं नव्हतं. त्या पढवून घेणाऱ्यातल्या नव्हत्याच, आणि माझी भीती नेमकी तीच होती. ज्या बाईने तीस वर्षं पोरांकडून ळ गिरवून घेतला, तिच्या शब्दावर माझं सगळं येऊन ठेपणार होतं.

डॉ. सन्याल गोल चेहऱ्याचे, शांत गृहस्थ निघाले. त्यांचं इंग्रजी बंगाली वळणाचं, सरांचं कानडी, माझं आगरी, त्यामुळे आमचं छान जमलं. आकृत्या झाल्या, गणितं झाली, त्यांनी मान डोलावली. मग प्रात्यक्षिक, बाईंच्या मशीनला शाळेचं बटण आणि मामाच्या मशीनला घराचं. बाईंनी तोंडापुढे फाइल धरून शब्द म्हणायचा, मामाने ऐकू आला तसा म्हणायचा, आणि मी शेजारी थाळीवर डाव हाणायचा. पाणी झालं, भात झाला.

“काळा,” बाई म्हणाल्या.

“काला,” मामा म्हणाला.

सन्यालांनी हात वर केला. ते म्हणाले, थांबा, बाई जे बोलल्या ते हे बोलले नाहीत. कुर्तकोटी सरांनी छताकडे पाहिलं. बंगालीत ळ नसेल, पण माणसाला कान होता.

मी डाव खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मशीन ळ कसा खातं, तो आमच्या बोलीत मुळातच कसा नाही, मी शहाण्णव कसे दिले, दुसरं बटण का केलं. काहीही लपवलं नाही, आणि खरं सांगते, आवाजही कापला नाही. सन्यालांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: मग आताचं उत्तर बरोबर धरायचं की चूक? चूक असेल तर तुमच्या चाचणीत काही उरत नाही.

“ते मी ठरवणार नाही,” मी म्हणाले. “आधी मीच ठरवलं, तिथेच घोळ झाला. बाईंना विचारा.”

सन्यालांनी बाईंना हिंदीत विचारलं, की तुम्हाला फरक ऐकू आला का.

“आला ना,” बाई म्हणाल्या. “मी काळा म्हटलं. ते काला म्हणाले. अगदी स्वच्छ ऐकू आलं.”

म्हणजे शाळेचं बटण पास झालं होतं. घराचं अजून टांगलेलं होतं.

“मग चूक?” सन्यालांनी विचारलं.

चूक ऐकली की चूक म्हणायची, ही बाईंची रोजची सवय. त्यांनी मामाकडे नीट पाहिलं, मग फाइल पुन्हा तोंडापुढे धरली. मला डोळ्यांनीच खूण केली, की वाजव. मी थाळी वाजवायला लागले.

“मामा, काळा म्हणजे कसा हो?”

“तव्याच्या बुडासारका,” मामा म्हणाला.

“डोळा.”

“डोला.” मामाने बोट डोळ्याला लावलं.

“केळी.”

“केली. परसात लागल्यात, पोरीबरोबर पाठवून देतो.”

“वेळ.”

“वेल.”

“कुठली वेल, मामा?”

मामाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. “आता जेवाची झाली ती.”

बाईंनी फाइल खाली घेतली. हाताने मला थांब म्हटलं. मी थांबले. त्या सन्यालांकडे वळल्या आणि हिंदी सोडून सरळ मराठीत म्हणाल्या, “बरोबर आहे. सगळी उत्तरं बरोबर आहेत.”

सरांनी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सन्यालांना ते लागलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही केली आणि माझ्याशी हात मिळवला. दोन बटणांवर एक प्रकरण वाढव, म्हणाले, तेच या प्रबंधाचं काम आहे. मी हो म्हणाले. आणि मला रडूच फुटलं. परीक्षा पास झाल्याने नव्हे. पहिलीच्या एका बाईंनी आमच्या काला-डोलाला बरोबर म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. इतक्या मोठ्या माणसांसमोर मी तोंड फिरवून कोपऱ्यातल्या कपाटाकडे बघत उभी राहिले, तरी खांदे काही ऐकेनात.

मामाला काय चाललंय ते फारसं कळलं नव्हतं. तो बाईंकडे वाकला आणि कमी ऐकणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्याने विचारलं, “बाई, माजा किती चुकला?”

“एकही नाही,” बाई तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या.

“सगला बरोबर हाय,” मामा म्हणाला, “तं मंग ही रडते कशाला?”